पुढच्या मुक्कामाला कोणते नाटक?

नाटक कंपन्यांच्या मुक्कामांच्या गोष्टी तुम्ही घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील. पडदे, ट्रंका, आचारी अशा साऱ्या लवाजम्यासह कंपनी गावात उतरे. पण कोणत्या रात्री कोणते नाटक लावायचे आणि नवे कोणते बसवायचे, हे कोण ठरवी? मालक नट आणि तालीममास्तर. आज त्यालाच कलात्मक संचालकाचे काम म्हणतात.

पहिला विचार गळ्याचा. नाटक कितीही उत्तम असो, ते गाणार कोण? किर्लोस्कर मंडळीचे भाऊराव कोल्हटकर आधी स्त्रीभूमिका करीत; वय वाढले तशा पुरुषभूमिका करू लागले. 1899 साली इंदुरात देवलांचे 'शारदा' प्रथम रंगभूमीवर आले, तेव्हा ते कोदंड झाले होते. जरठ-बाला विवाहाचा असा रोकठोक विषय मंडळीने इंदूरकरांपुढे आधी ठेवला, याचा अभिमान तिथल्या मराठी घरांनी जरूर बाळगावा.

दुसरा विचार गल्ल्याचा. नव्या नाटकाचा भरवसा नसतो, म्हणून 'सौभद्र'सारखी जुनी, हुकमी नाटके हाताशी लागत. गंधर्व मंडळीने 1916 साली खाडिलकरांचे 'स्वयंवर' आणले, आणि त्याच वर्षी देवलांच्या जुन्या गद्य 'फाल्गुनरावा'ला पदे चढवून 'संशयकल्लोळ'ही. एकात रुक्मिणीचे वैभव, दुसऱ्यात निखळ हसू. एकाच वर्षी दोन्ही चवी!

मला मात्र सर्वांत धाडसी वाटते ती 1919 ची निवड. बालगंधर्व म्हणजे शालू, दागिने, अत्तर. प्रेक्षक तेच पाहायला येत. अशा नटाने गडकऱ्यांचे 'एकच प्याला' घेतले. त्यात शालू नाहीत. ठिगळ लावलेले लुगडे नेसून जात्यावर बसणारी सिंधू आहे. नायक बुद्धिमान वकील, आणि तो दारूत बुडत जातो. 23 जानेवारीला गडकरी क्षयाने गेले. पदेही त्यांच्या हातून लिहून झाली नव्हती. ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. महिनाही उलटला नव्हता, तोच फेब्रुवारीत बडोद्यात पहिला प्रयोग झाला. सयाजीराव महाराजांचा आश्रय होता हे खरे, पण प्रेक्षकाने पाठ फिरवली असती तर आश्रयाने तो परत आला नसता. बोडसांचा सुधाकर आणि बालगंधर्वांची सिंधू लोकांनी उचलून धरली. दवाखान्यात नवऱ्याच्या व्यसनाबद्दल खाली मान घालून बोलणाऱ्या बायका मी इतक्या पाहिल्या आहेत, की या नाटकाला जुने म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

लगेच पुढच्या वर्षी तीच मंडळी 'द्रौपदी'कडे वळली. पुन्हा खाडिलकर, पुन्हा राजवैभव. मयसभेचा थाट उभारताना खर्चाला हात आखडला नाही. अशा हौसेपायी कंपनी कर्जात बुडाली. भागीदार दूर झाले, सगळा भार एकट्या बालगंधर्वांवर आला. गंमत अशी, की ते कर्ज वारले ते पुन्हा गावोगावच्या मुक्कामांनीच, आणि त्या रात्रींत फाटक्या लुगड्यातली सिंधूही होती.