साधी माणसं

साधी माणसं (1965) : कोल्हापुरात निर्माण झालेला मराठी सामाजिक चित्रपट. दिग्दर्शन भालजी पेंढारकर. प्रमुख भूमिका जयश्री गडकर, सूर्यकांत व राजशेखर. संगीत आनंदघन, म्हणजे लता मंगेशकर. 1965 सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचे रौप्यपदक. भाबडा, रडवा, खेड्याची नको तेवढी आरती ओवाळणारा असे आक्षेप या चित्रपटावर घेता येतात. तरीही सहा दशकांनंतर दक्षिण महाराष्ट्रातील प्रेक्षकाच्या मनातले त्याचे स्थान हललेले नाही. हे प्रेम कितपत रास्त आहे याचा विचार पुढे केला आहे.

कथानक : खेड्यातील लोहार दांपत्य, शहराकडून आलेले प्रलोभन, विस्कटलेला संसार.

दिग्दर्शक : भालजी पेंढारकर (मृत्यू 26 नोव्हेंबर 1994, कोल्हापूर) यांचा चित्रपटप्रवास मूकपटांच्या काळात सुरू झाला. ‘श्यामसुंदर’ (1932), ‘थोरातांची कमळा’ (1941), ‘वाल्मिकी’ (1946), ‘छत्रपती शिवाजी’ (1952), ‘मोहित्यांची मंजुळा’ (1963) हे त्यांचे काही चित्रपट. ऐतिहासिकपट हा त्यांचा मुख्य प्रांत मानला जातो आणि 1991 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हाही गौरव प्रामुख्याने त्याच कामाचा झाला. त्यांच्या आत्मकथनाचे नाव मात्र ‘साधा माणूस’ असे आहे.

जयप्रभा स्टुडिओ : छत्रपती राजाराम महाराजांच्या आश्रयाने 1933 मध्ये उभ्या राहिलेल्या कोल्हापूर सिनेटोनची वास्तू पुढे भालजींकडे आली व जयप्रभा या नावाने प्रसिद्ध झाली. 30 जानेवारी 1948 रोजी महात्मा गांधींची हत्या झाल्यावर उसळलेल्या जाळपोळीत जमावाने हा स्टुडिओ पेटवला. त्या जाळपोळीची कारणे आणि भालजींच्या राजकीय निष्ठांचा तिच्याशी असलेला संबंध यांविषयी परस्परविरोधी मते आहेत. नुकसानीविषयी मतभेद नाही. हाती असलेला ‘मीठभाकर’ हा चित्रपट त्यांना नव्याने करावा लागला व तो 1949 मध्ये पडद्यावर आला. कर्जाचा बोजा वाढत गेला. 1959 मध्ये लता मंगेशकरांनी स्टुडिओ विकत घेतला, पण तेथील काम भालजींच्याच हातून चालू राहिले. ‘साधी माणसं’ या टप्प्यावरचा चित्रपट आहे. स्वतःच्या दारात जमावाची आग पाहिलेल्या दिग्दर्शकाने सतरा वर्षांनी माणसाच्या साधेपणावर चित्रपट काढला आणि त्याला तेच नाव दिले, ही गोष्ट त्याच्या भाबडेपणाचा हिशेब मांडताना विसरता येत नाही. ज्याचे काही गमावलेले नाही अशा माणसाचा हा भाबडेपणा नव्हे.

स्टुडिओच्या जागेच्या विक्रीवरून फेब्रुवारी 2022 मध्ये कोल्हापुरात आंदोलन झाले. चित्रपट व्यावसायिकांबरोबर सामान्य नागरिकही त्यात उतरले होते.

अभिनय : ‘सांगत्ये ऐका’ (1959) पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात 130 हून अधिक आठवडे चालला आणि पुढची काही वर्षे मराठी पडदा तमाशाच्या फडाने व्यापला. त्या लाटेची नायिका जयश्री गडकर. फेटेवाला पाटील, ढोलकी, सवाल-जवाब हा साचा इतका पक्का झाला होता की ग्रामीण चित्रपट म्हणजे तमाशापट असे समीकरण रूढ झाले. ‘साधी माणसं’मध्ये याच अभिनेत्रीला भालजींनी फडावरून उतरवून भात्याशी बसवले. काम करणाऱ्या बाईचे हात, घामाने कपाळाला चिकटलेले केस आणि नवऱ्याकडे बघतानाची तिची नजर या भूमिकेत दिसते. नृत्याच्या बळावर नाव झालेल्या अभिनेत्रीचे हे शांत काम तिच्या फडावरच्या भूमिकांइतकेच मोलाचे आहे. सूर्यकांत हे कोल्हापूरच्या मांढरे घराण्यातले, नट-चित्रकार चंद्रकांत यांचे धाकटे बंधू. ऐतिहासिक भूमिकांत कमावलेला भारदस्तपणा त्यांनी येथे आवरून धरला आहे. राजशेखर हे मराठी पडद्यावरचे पुढे गाजलेले खलनायक.

संगीत : लता मंगेशकरांनी संगीतकार म्हणून फार थोडे चित्रपट केले. ‘रामराम पाव्हणं’ (1950) त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे. त्यानंतरचे ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’ आणि ‘तांबडी माती’ आनंदघन या टोपणनावाने आले व ते सर्व भालजींचे आहेत. मंगेशकर कुटुंबाचा कोल्हापूरशी संबंध जुना. मास्टर दीनानाथांच्या निधनानंतर (1942) लताबाई मास्टर विनायकांच्या चित्रसंस्थेत कामाला लागल्या आणि त्या काळात काही वर्षे या शहरात राहिल्या. भालजींना त्या ‘बाबा’ म्हणत. राज्य चित्रपट महोत्सवात या चित्रपटाच्या संगीताला पुरस्कार जाहीर झाला, आनंदघन या नावाचा पुकारा झाला, कुणी उठेना, आणि शेवटी सूत्रधाराने समोर बसलेल्या लताबाईंकडे बोट दाखवले, अशी हकिकत सांगितली जाते. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. पुरस्कार मिळाल्याचे निश्चित आहे.

‘ऐरणीच्या देवा तुला’ हे गाणे या चित्रपटाच्या लौकिकाचा कणा आहे. ते जगदीश खेबूडकरांच्या नावावर आहे. पेशाने शिक्षक असलेले खेबूडकर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हळदी गावचे. गाण्याचा प्रसंग लोहाराच्या पालापुरता आहे. नवरा ऐरणीवर तापले लोखंड धरून घाव घालतो आहे, बायको भाता चालवते आहे. मराठी चित्रपटात श्रमगीते आधीही होती. मळ्यातली होती, मोटेवरची होती, जात्यावरची तर होतीच. पण त्यांपैकी बहुतेकांत काम ही पार्श्वभूमी असते आणि गाणे शृंगाराचे किंवा भक्तीचे असते. येथे कामाच्या लयीतून चाल निघाली आहे. भाता एका घासात हवा घेतो व दुसऱ्या घासात सोडतो, त्या दोन घासांमध्ये घणाला उचलायला वेळ मिळतो, आणि घाव ऐरणीवर पडतो तेव्हा सम येते. लोहाराच्या घरात हे तालाचे गणित नवरा-बायकोंनी मिळूनच सांभाळावे लागते. एकाचा हात चुकला तर दुसऱ्याचा हात भाजतो. संसार म्हणजे काय हे त्या चालीतच सांगून झाले आहे. म्हणून पुढे तो संसार मोडू लागतो तेव्हा दिग्दर्शकाला वेगळे रडगाणे लावावे लागत नाही. ऐकणाऱ्याच्या कानातला ठेका तुटलेला असतो.

लताबाईंच्या आवाजातील या गाण्याची चाल अवघड नाही. हिंदी चित्रपटसृष्टीतली सर्वांत कसलेली गायिका स्वतःसाठी चाल बांधताना आपल्या गळ्याची कुठलीही करामत त्यात घालत नाही. पाण्यावर गेलेल्या बायकांना गुणगुणता येईल एवढ्याच पट्टीत ती चाल फिरते. आनंदघनांचे मोठेपण या संयमात आहे.

याच चित्रपटातला ‘नको देवराया अंत आता पाहू’ हा संत कान्होपात्रेचा अभंग. मंगळवेढ्याच्या या संत कवयित्रीला बिदरच्या बादशहाने बोलावणे धाडले व तिने पंढरपुरी विठ्ठलाच्या पायाशी प्राण सोडला, अशी परंपरा आहे. बळजोरीपुढे उभ्या असलेल्या बाईच्या प्रसंगी नवे गीत लिहवून न घेता हा अभंग घेतला, यात भालजींची समज दिसते. प्रेक्षकाला तो आधीपासून ठाऊक होता, आणि त्यामागची कथाही. ‘राजाच्या रंगमहाली’ आणि ‘माळ्याच्या मळ्यामंदी’ ही इतर गाणी लोकगीताच्या वळणाची आहेत.

भावुकतेचा प्रश्न : खेडे निर्मळ व शहर कपटी ही या चित्रपटाची मांडणी आहे. तिच्यावर घेतला जाणारा आक्षेप योग्य आहे आणि कोल्हापूरच्याच इतिहासाकडे पाहिले तर तो अधिक धारदार होतो.

लोहार हा बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या ‘गावगाडा’ (1915) या ग्रंथात बलुतेदाराचे काम, त्याचा वाटा आणि त्यावरून होणारी ओढाताण नोंदली आहे. फाळ शेवटून द्यायचा, कोयत्याला पाणी द्यायचे, गाडीच्या चाकाला धाव चढवायची, आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपल्या वाट्यासाठी उभे राहायचे. हा वाटा हक्काचा असला तरी मागावा लागे. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्ये बलुतेदारीचे बंधन कायद्याने सोडवले ते याच कारणासाठी. ज्याला जो धंदा करावासा वाटेल तो त्याने करावा. पुढे या शहरात शिवाजी उद्यमनगर उभे राहिले, तेल इंजिने व उसाचे चरक बनू लागले, ओतकामाचे कारखाने निघाले. म्हादबा मेस्त्रींसारख्या, शाळेत फारसे न गेलेल्या कारागिराचे नाव येथे आजही आदराने घेतले जाते. ऐरण सोडून शहरात आलेल्या कारागिराचा कोल्हापुरात नेहमी नाशच झाला असे नाही. अनेकांचे त्यात कल्याण झाले. चित्रपटात हे कोल्हापूर दिसत नाही.

याहून महत्त्वाचा पुरावा खुद्द कोल्हापूरच्या चित्रपटांत आहे. बाबूराव पेंटर यांचे मूळ आडनाव मेस्त्री. त्यांनी कोल्हापुरात देशी कॅमेरा घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. म्हणजे या शहराचा चित्रपट कारागिराच्याच हातून जन्मला. त्यांच्या ‘सावकारी पाश’मध्ये (1925) शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतो आणि तो शहरात गिरणीकामगार होतो. त्या चित्रपटात विष गावाच्या आत आहे. ते खतावणीत आहे, अंगठ्यात आहे. चाळीस वर्षांनी त्याच शहरात तयार झालेल्या ‘साधी माणसं’मध्ये विष बाहेरून येते. गावाला दोष उरत नाही. ‘सावकारी पाश’कडून ‘साधी माणसं’कडे येताना कोल्हापूरच्या चित्रपटाने कलेत पुष्कळ कमावले, पण गावाकडे पाहण्याची नजर गमावली, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

तुलनेसाठी अमेरिकेतील ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ (1989) घेता येईल. आयोवा राज्यातला एक शेतकरी उभे मक्याचे पीक कापून बेसबॉलचे मैदान करतो. तेथे जुने, मेलेले खेळाडू खेळायला येतात, आणि शेवटी त्याचे दिवंगत वडीलही. डब्ल्यू. पी. किन्सेला यांच्या कादंबरीवरून फिल आल्डन रॉबिन्सन यांनी केलेला हा चित्रपट पाहून तिकडची मोठी माणसे बापाच्या आठवणीने रडतात. डायर्सव्हिल गावाजवळचे ते मैदान आजही लोक पाहायला जातात. त्यावरचा आक्षेप मात्र आपल्या ओळखीचा आहे. काळ्या खेळाडूंना मेजर लीगचे दार 1947 मध्ये जॅकी रॉबिन्सनपर्यंत बंद होते, आणि मक्यातून बाहेर येणारे ते सुवर्णकाळाचे खेळाडू सगळे गोरे आहेत. त्या गतवैभवाचे स्तोत्र चित्रपटात जेम्स अर्ल जोन्स या काळ्या नटाच्याच तोंडी आहे व त्यात या बंद दाराचा उल्लेख नाही. दोन्ही चित्रपटांची लबाडी एकाच जातीची आहे. प्रेक्षकाच्या आठवणीतला काळ ते धुऊन पुसून परत देतात.

फरक पडतो तो श्रमाच्या ठिकाणी. ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’मधला शेतकरी पीक मोडतो, आणि त्याचे कर्ज चमत्काराने फिटण्याची सोय होते. ‘साधी माणसं’मध्ये लोखंड तापवल्याशिवाय वाकत नाही. सबंध चित्रपटाचा भाव ज्या प्रसंगावर उभा आहे तो कामाचा प्रसंग आहे आणि ते काम खरे आहे. भालजींनी गावाविषयी जे सांगितले ते अर्धवट आहे. लोहाराच्या पालात त्यांनी जे दाखवले ते पुरते आहे. प्रेक्षकाच्या मनात चित्रपटाचा उत्तरार्ध फारसा राहिलेला नाही. कथानक विचारले तर पुष्कळजण अडखळतात, पण भाता आणि ऐरण त्यांच्या डोळ्यांसमोर लगेच येतात. लोकांनी आपल्या परीने निवड केली आहे आणि ती चुकलेली नाही. या चित्रपटाचा लौकिक रास्त आहे, मात्र तो त्याच्या शिकवणीसाठी धरू नये.

भाषा : कोल्हापुरी वळणाची. शीर्षकातील ‘माणसं’ हे बोलीतले रूप मुद्दाम ठेवलेले आहे.

पुढील काम : भालजी व आनंदघन ‘तांबडी माती’ (1969) मध्ये पुन्हा एकत्र आले. त्यालाही सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दादा कोंडके यांचे पडद्यावरील पदार्पण याच चित्रपटातून झाले. आनंदघनांनी त्यानंतर चित्रपटाला संगीत दिले नाही.