नांगरलेले रान आणि धाऱ्याचा आकडा

कचेरीत खुर्च्या किती मांडल्या आहेत यापेक्षा रोज किती भरतात हे पाहून जागेची आखणी करावी, हा विचार आज नवा वाटतो. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात तो जमिनीच्या बाबतीत 1835 सालीच अमलात आला, पण त्याआधी रयतेला एका चोख हिशेबाची झळ सोसावी लागली. ब्रिटिश अधिकारी आर. के. प्रिंगल यांनी 1820 च्या दशकात दख्खनची मोजणी केली. अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोच्या खंडसिद्धांताला धरून, खर्च वजा जाता उरणाऱ्या उत्पन्नाचे 55 टक्के सरकारने घ्यावेत, असे त्यांचे सूत्र होते. पण निव्वळ उत्पन्न शेतात उभे दिसत नाही, ते अंदाजानेच काढावे लागते. त्यात मोजणीत चुका आणि लबाड्या शिरल्या, धान्याचे भावही पडले. धारा, म्हणजे जमिनीचा सारा, थकला, सूट देत राहावी लागली आणि शेते पड राहिली.

गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी फेरमोजणीला हात घातला तो याच तालुक्यात. मातीची प्रतवारी त्यांनीही केली, पण ती शेताशेतातला फरक ठरवण्यापुरती. एकूण धारा किती असावा, हे ठरवताना त्यांनी मागच्या वर्षांचे दप्तर पुढे ठेवले: लागवड किती, आकारणी किती, सूट किती आणि हाती आलेला वसूल किती. 1836 पासून 30 वर्षांसाठी कमी दर बांधून दिले आणि पड रान पुन्हा नांगराखाली येऊ लागले. हे यश नोंदींचे नव्हे, नुसत्या सवलतीचे, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. मात्र सवलत कुठवर द्यायची हे पडीक रानाच्या नोंदीनेच दाखवले. प्रिंगल यांच्या सूत्रात त्या रानाला जागाच नव्हती.

खऱ्या नोंदीचाही अर्थ चुकतो, हे मुदत संपल्यावर दिसले. 1860 च्या दशकात दप्तरात भरपूर लागवड होती, भाव चढे होते, रेल्वे आली होती. अमेरिकेतल्या यादवीने आणलेली कापसाची तेजी टिकणारी धरून दर बरेच वाढवले गेले. पुढे भाव उतरले. सरकारला 1874 मध्ये तालुक्यामागे वाढीवर 33 टक्क्यांची मर्यादा घालावी लागली, आणि 12 मे 1875 रोजी आजच्या बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात दंगा उसळून सावकारांची खतपत्रे जाळली गेली. रोष सावकारावर होता, धाऱ्यावर नव्हता, हा आक्षेप मला अपुरा वाटतो. हप्ता रोखीने आणि ठरल्या वेळी भरायचा असे, आणि रोकड बहुधा सावकाराकडेच मिळे. लागवडीच्या रकान्यात नांगरलेले शेत दिसत होते, नांगरणाऱ्याच्या डोक्यावरचे कर्ज दिसत नव्हते. 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने शेतकऱ्यांची खते गावनिबंधकासमोर नोंदवणे सक्तीचे केले, तेव्हा कुठे ते कर्ज सरकारी कागदावर आले.