परदेशी वस्त्रनिर्मात्याची निवड : लहान व्यापाऱ्यांसाठी कसोटीचे मुद्दे

जबलपूर शहराच्या जुन्या भागातील सराफा हा परिसर नावाप्रमाणेच सोन्याचांदीच्या व्यवहारांसाठी ओळखला जातो. येथे दागिना आधी कसाला लावला जातो आणि मगच त्याचा भाव ठरतो. अलीकडे ग्राहकाला हॉलमार्कचाही आधार मिळाला आहे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क केलेल्या दागिन्यावर सहा अक्षरांकांचा स्वतंत्र ओळख क्रमांक असणे आवश्यक करण्यात आले. मात्र सराफा, कोतवाली आणि बडा फुहारा या परिसरातील तयार कपड्यांच्या व्यापाऱ्याने आपल्या नाममुद्रेचे कपडे परदेशातून शिवून आणायचे ठरविले, तर त्याला कारखान्यावर असा एकही सर्वमान्य छाप आढळणार नाही. ती पारख त्याला स्वतःच करावी लागते. संपूर्ण हंगामाचे भांडवल एका ऑर्डरमध्ये गुंतविणाऱ्या लहान व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही पारख अत्यंत महत्त्वाची ठरते.

जबलपूरची पार्श्वभूमी

१८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली असलेल्या या शहरात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. मुंबई आणि कोलकाता यांना जोडणारा लोहमार्ग १८७० मध्ये जबलपूर येथे सांधला गेला आणि शहराला व्यापारी केंद्राचे महत्त्व प्राप्त झाले. तयार कपड्यांच्या, विशेषतः सलवार सूटच्या निर्मितीसाठी जबलपूर परिचित आहे. लेमा गार्डन भागात या व्यवसायासाठी क्लस्टरही उभारण्यात आले आहे. त्यामुळे येथील व्यापाऱ्यापुढे केवळ परदेशातील कोणता कारखाना निवडावा एवढाच प्रश्न नसतो. जे काम आपल्याच शहरात होऊ शकते ते बाहेर का द्यावे, याचेही उत्तर त्याला द्यावे लागते.

ऑर्डरचा आकार आणि कारखान्याचा आकार

बांगलादेशातील ढाका, गाझीपूर, सावर आणि नारायणगंज, तसेच चीनमधील ग्वांगचौ ही वस्त्रनिर्मितीची मोठी केंद्रे आहेत. ग्वांगचौ येथे १९५७ पासून भरणाऱ्या कँटन मेळ्यात जगभरातील खरेदीदार येतात. तथापि, मोठ्या कारखान्यांची रचनाच एकाच नमुन्याचे हजारो नग शिवण्यासाठी केलेली असते. तीनशे किंवा पाचशे नगांची ऑर्डर तेथे घेतली गेली, तरी मोठ्या गिऱ्हाइकाचे काम येताच ती मागे पडण्याचा संभव असतो.

म्हणून पहिला प्रश्न भावाचा नसून किमान ऑर्डरचा असावा. एका नमुन्याचे, एका रंगाचे आणि एका मापाचे किमान किती नग घ्यावे लागतील, हे स्वतंत्रपणे विचारणे आवश्यक आहे. एकूण पाचशे नगांची अट मान्य करणारा कारखाना प्रत्येक रंगाचे पाचशे नग मागत असेल, तर चार रंगांसाठी ऑर्डर दोन हजारांवर जाते. अशा वेळी काही व्यापाऱ्यांनी एकाच प्रकारच्या कापडासाठी संयुक्त ऑर्डर देणे, लहान कारखाना निवडणे किंवा बायिंग हाऊसमार्फत काम देणे हे पर्याय उपलब्ध असतात. बायिंग हाऊसमार्फत काम देताना कपडे प्रत्यक्षात कोणत्या कारखान्यात शिवले जाणार आहेत, त्याचे नाव व पत्ता लेखी घ्यावा.

सांगितलेला भाव आणि प्रत्यक्ष खर्च

कारखाना सांगतो तो भाव कोठपर्यंतचा आहे, हे प्रथम स्पष्ट करून घ्यावे लागते. ‘एफओबी’ भावात माल परदेशी बंदरात जहाजावर चढविण्यापर्यंतचा खर्च धरलेला असतो. ‘सीआयएफ’ भावात आपल्या बंदरापर्यंतचे भाडे आणि विमा यांचाही समावेश होतो. त्यापुढील सर्व खर्च आयातदाराचा असतो.

एका गृहीत उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. एका कुर्त्याचा सीआयएफ भाव ४०० रुपये आणि मूळ सीमाशुल्क २० टक्के धरल्यास शुल्काचे ८० रुपये होतात. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे ८ रुपये धरल्यास रक्कम ४८८ रुपयांवर जाते. आता तपासणी, प्रयोगशाळा, सीमाशुल्क दलाल आणि जबलपूरपर्यंतची वाहतूक यांचा एकूण खर्च ४०,००० रुपये मानू. ५,००० नगांच्या ऑर्डरमध्ये तो प्रति नग केवळ ८ रुपये पडतो. ५०० नगांच्या ऑर्डरमध्ये मात्र तो ८० रुपये होतो आणि कुर्ता ५६८ रुपयांना पडतो. तसाच कुर्ता जबलपुरात ५२० रुपयांत शिवून मिळत असेल, तर स्वस्त वाटलेला माल महाग ठरतो.

याशिवाय एकात्मिक वस्तू व सेवा कर आयातीच्या वेळीच भरावा लागतो. त्याची पुढे वजावट मिळत असली, तरी तोपर्यंत तेवढी रक्कम अडकून राहते. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रति नग २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के, तर त्यावरील कपड्यांवर १८ टक्के दर लागू करण्यात आला. मूळ सीमाशुल्काच्या बाबतीत अनेक कपड्यांवर टक्केवारी किंवा प्रति नग ठरावीक रक्कम, यांपैकी जी अधिक असेल ती आकारली जाते. त्यामुळे ऑर्डर देण्यापूर्वीच मालाचा वर्गीकरण क्रमांक दलालाकडून निश्चित करून घेणे हिताचे ठरते.

सवलत, उत्पत्तीचा पुरावा आणि मार्ग

दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्र करारान्वये भारताने २०११ मध्ये बांगलादेशासह अल्पविकसित सदस्य देशांच्या तयार कपड्यांना शुल्कमुक्त प्रवेश दिला. वरील उदाहरणातील ८८ रुपये त्यामुळे वाचू शकतात. मात्र ही सवलत माल त्याच देशात ठरलेल्या निकषांनुसार तयार झाला असेल तरच मिळते. २१ सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या सीमाशुल्क नियमांनुसार उत्पत्तीविषयीची माहिती आयातदाराने स्वतःजवळ बाळगणे आणि ती किमान पाच वर्षे जतन करणे बंधनकारक आहे. कारखान्याने दिलेला कागद खोटा ठरल्यास शुल्काची मागणी आयातदाराकडे येते. बांगलादेशाच्या अल्पविकसित दर्जातून बाहेर पडण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख ठरविली होती. सवलतीचे गणित अशा दर्जावर अवलंबून असल्याने दीर्घकाळासाठी कारखाना निवडताना केवळ सवलतीवर विसंबून राहणे धोक्याचे ठरते.

मार्गाच्या बाबतीतही अशीच दक्षता आवश्यक आहे. १७ मे २०२५ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने बांगलादेशातील तयार कपड्यांची भूसीमेवरील ठाण्यांमार्गे होणारी आयात बंद करून ती न्हावा शेवा आणि कोलकाता या दोन सागरी बंदरांपुरती मर्यादित केली. तोपर्यंत पेट्रापोलमार्गे ट्रकने येणाऱ्या मालाचे वेळापत्रक त्यामुळे एका दिवसात बदलले. ही दोन्ही बंदरे जबलपूरवरून जाणाऱ्या मुंबई-हावडा मार्गाच्या दोन टोकांजवळ आहेत, हा योगायोग म्हणावा लागेल. परंतु दिवाळीसाठी मागविलेला माल दिवाळीनंतर आला, तर त्याला बाजार उरत नाही. नियम ऐनवेळी बदलू शकतात हे गृहीत धरून सणाच्या मालासाठी पुरेसा अवधी राखून ठेवणे श्रेयस्कर होय.

नमुना आणि मालाची तपासणी

कारखान्याने दाखविलेला नमुना हा त्याच्या कौशल्याचा पुरावा असतो. आपल्या मालाचा पुरावा मात्र आपल्याच कापडातून, आपल्याच मापाने शिवलेला नमुना होय. असा नमुना दोन प्रतींत मंजूर करावा, दोन्हींवर उभय पक्षांच्या सह्या असाव्यात आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.

नमुन्याची परीक्षा घरीही करता येते. कापडाचे १० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद असे तुकडे कापून वजन करावे. सराफाच्या काट्यावर असा तुकडा १.८ ग्रॅम भरला, तर त्या कापडाचे वजन प्रति चौरस मीटर १८० ग्रॅम असते. कपड्याची मापे लिहून ठेवून तो तीन वेळा धुवावा, वाळवावा आणि पुन्हा मोजावा. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग उतरतो का, हेही पाहावे.

तयार मालाची तपासणी शेवटची रक्कम देण्यापूर्वी व्हावी. आंतरराष्ट्रीय प्रमाणपद्धतीनुसार सर्वसाधारण पातळीवरील तपासणीत १,००० नगांच्या खेपेतून ८० नग तपासले जातात. २.५ ही दोषमर्यादा ठरविली असल्यास पाचपर्यंत सदोष नग आढळले तरी खेप स्वीकारली जाते आणि सहा आढळल्यास नाकारली जाते. कोणता दोष मोठा आणि कोणता किरकोळ मानायचा, हे ऑर्डरमध्येच लिहिलेले असावे. नंतरचे वाद प्रामुख्याने याच मुद्द्यावर होतात.

प्रमाणपत्रांची मर्यादा

कारखान्यांकडे विविध प्रमाणपत्रे असतात. ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० हे कापडातील घातक रसायनांच्या चाचणीशी, तर एसए ८००० हे कामगारांच्या परिस्थितीशी संबंधित आहे. एकाचा उपयोग दुसऱ्याऐवजी करता येत नाही. प्रमाणपत्राचा क्रमांक, मुदत आणि कारखान्याचा पत्ता प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे पडताळून पाहणे आवश्यक आहे.

तरीही प्रमाणपत्र म्हणजे हॉलमार्क नव्हे. ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीतील अली एंटरप्रायझेस या कारखान्याला लागलेल्या आगीत अडीचशेहून अधिक कामगारांचा मृत्यू झाला. या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच एसए ८००० प्रमाणपत्र मिळाले होते. त्याच वर्षी २४ नोव्हेंबर रोजी ढाक्याजवळील ताझरीन फॅशन्स या कारखान्यात आग लागून शंभराहून अधिक कामगार दगावले. तेथील काम आपल्या परवानगीशिवाय उपकंत्राटाने देण्यात आले होते, असे एका मोठ्या परदेशी खरेदीदाराने नंतर जाहीर केले. २४ एप्रिल २०१३ रोजी सावर येथील राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. आदल्याच दिवशी इमारतीला तडे गेलेले दिसले होते, तरीही कामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आले.

या दुर्घटनेनंतर बांगलादेशात अग्नी व इमारत सुरक्षेचा करार अस्तित्वात आला. २०२० पासून हे काम आरएमजी सस्टेनेबिलिटी कौन्सिल ही संस्था पाहते आणि तिच्या कक्षेतील कारखान्यांच्या तपासणीचे अहवाल सर्वांसाठी खुले असतात. जबलपूरच्या लहान व्यापाऱ्यालाही ते विनामूल्य पाहता येतात. ज्या कारखान्याचे नाव त्यात असेल, त्याच्या कोणत्या दुरुस्त्या प्रलंबित आहेत हे विचारावे. आपले काम अन्यत्र दिले जाणार नाही, अशी लेखी अट घालावी. अवास्तव कमी भाव आणि अवास्तव अल्प मुदत मागितल्यास काम उपकंत्राटात जाण्याची शक्यता वाढते, याची जाणीव खरेदीदारानेही ठेवली पाहिजे.

करार, रक्कम आणि कायदेशीर जबाबदारी

आयातीसाठी विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात संकेतांक आवश्यक असतो. रक्कम बँकेमार्फतच पाठवावी. ३० टक्के आगाऊ आणि उर्वरित ७० टक्के तपासणीनंतर, ही व्यापारात रूढ असलेली पद्धत आहे. पतपत्राने व्यवहार केल्यास बँक कागदपत्रांची छाननी करते, मात्र मालाची तपासणी करीत नाही. म्हणून पतपत्राच्या अटींमध्ये स्वतंत्र तपासणी अहवालाचा समावेश करून घ्यावा. ऐनवेळी ई-मेलने नवा बँक खाते क्रमांक कळविण्यात आल्यास पूर्वीपासून माहीत असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर खात्री केल्याशिवाय रक्कम पाठवू नये. वाद कोठे व कोणत्या लवादापुढे सोडविला जाईल, हेही करारात असावे.

काही घातक ॲझो रंगांवर भारतात बंदी आहे. त्यामुळे आयात कापडासोबत निर्यातदार देशातील मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र असावे लागते. ते नसल्यास नमुन्यांची चाचणी होते आणि तोपर्यंत माल बंदरात थांबतो. कपड्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापणे, तसेच ऑनलाइन विक्री करताना मूळ देशाचा उल्लेख करणे ही जबाबदारीही आयातदारावर येते. ग्राहकाच्या दृष्टीने कपडा कोठेही शिवलेला असो, त्याविषयी उत्तर देणारा दुकानदार सराफ्यातच असतो.

अंतिम निर्णय

परदेशी कारखान्याची निवड तेथे उपलब्ध असलेले विशिष्ट कापड, यंत्रसामग्री किंवा मोठ्या संख्येचा लाभ यासाठी असेल, तर ती समर्थनीय ठरते. केवळ प्रति नग कमी भावासाठी असेल, तर प्रथम जबलपूर, तिरुप्पूर, लुधियाना किंवा गणवेशांसाठी प्रसिद्ध असलेल्या सोलापूरच्या कारखान्यांशी तुलना करावी. तुलना सांगितलेल्या भावाची नव्हे, तर दुकानात पोहोचलेल्या नगाच्या खर्चाची असावी. परदेशात काम द्यायचे ठरल्यास पहिली ऑर्डर एवढीच असावी की ती पूर्णपणे बुडाली तरी दुकान सुरू राहील. ती वेळेवर, मंजूर नमुन्याप्रमाणे आणि ठरलेल्या कारखान्यातूनच आली, तर दुसरी मोठी ऑर्डर देण्यास आधार मिळतो. सोन्याचा कस एका घासात कळतो. कारखान्याचा कस कळण्यासाठी मात्र किमान एक हंगाम द्यावा लागतो.