कॉलेजची किंमत आणि कामगाराचा वेळ



कॉलेजची किंमत उतरली, असा सूर हल्ली सर्वत्र ऐकू येतो. मोबाइलवर जगातील नामांकित प्राध्यापकांची व्याख्याने घरबसल्या ऐकावयास मिळत असता कॉलेजच्या भिंती हव्यात कशाला, असेही विचारले जाते. मी स्वतः कॉलेजची पायरी चढलेलो नाही. कामगार-संघटनेचे काम करता करता जे वाचता आले, तेवढीच माझी विद्या. परंतु ज्याच्या खिशात पैसे नसतात त्याला मालाचा भाव नेमका ठाऊक असतो. त्या अधिकाराने या प्रश्नाचा थोडा इतिहास आपणांपुढे ठेवतो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, आपल्याकडील विद्यापीठ जन्मास आले ते शिकविण्यासाठी नव्हे, तर परीक्षा घेण्यासाठी. १८५७ साली मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर स्थापन झाले. शिकवावे कॉलेजांनी आणि पदवी द्यावी विद्यापीठाने, अशी ती वाटणी होती. १८६२ साली पहिले बी. ए. बाहेर पडले ते अवघे चार : रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. चौघांच्याच हाती असलेल्या पदवीला मोल येणारच. ते मोल विद्येचे किती आणि दुर्मिळतेचे किती, याचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

दुसरा एक हिशेब जोतीराव फुल्यांनी मांडला. शेतकऱ्याच्या घामातून सरकारची तिजोरी भरते आणि त्या पैशावर उच्च शिक्षण मिळते ते वरच्या वर्गांना, हे त्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे स्पष्ट सांगितले. हे सांगण्याचा त्यांना अधिकार होता. कारण दिवसभर राबणाऱ्यांसाठी १८५५ सालीच त्यांनी पुण्यात रात्रीची शाळा काढली होती.

तिकडे लंडन विद्यापीठाने १८५८ साली एक मोठे पाऊल टाकले. कोणत्याही कॉलेजात न जाता अभ्यास करून पदवीच्या परीक्षेस बसण्याची वाट त्याने मोकळी केली. म्हणजे पदवी आणि भिंती यांची फारकत मोबाइलने केली असे नव्हे. ती दीडशे वर्षांहून जुनी आहे. आपल्याकडेही पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ती पहिल्या पदवीधरांपैकी एक असलेल्या रानड्यांच्या प्रेरणेने. ज्यांना कॉलेज लाभले नाही, त्यांच्यापर्यंत विद्या चालत जावी, हाच तिचा अर्थ मी घेतो.

भिंतींइतकीच आड येते ती वेळ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. तेथे सकाळचे वर्ग भरत, म्हणून कचेरीत नोकरी करणाऱ्या गरीब तरुणाला शिकणे शक्य झाले. नवे यंत्र काही आले नव्हते. घड्याळाचा काटा तेवढा कामकऱ्याच्या सोयीने फिरविला होता.

पुढे १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने टपालाने शिक्षण सुरू केले. इंग्लंडात हॅरल्ड विल्सन यांनी १९६३ साली आकाशवाणीवरून शिकविणाऱ्या विद्यापीठाची कल्पना मांडली आणि खाणकामगाराची कन्या जेनी ली यांनी ती तडीस नेली. १९६९ साली मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली व १९७१ साली विद्यार्थी शिकू लागले. प्रवेशाला आधीच्या परीक्षेची अट नव्हती. धडे टपालाने येत, व्याख्याने बीबीसीवरून होत. परंतु विद्यार्थ्याला एकटे सोडलेले नव्हते. त्याचे उत्तर तपासून त्यावर शेरा लिहिणारा शिक्षक होता, आणि उन्हाळ्यात सर्वांनी एकत्र राहून शिकण्याचे वर्गही होते. त्याच वाटेने नाशिकला १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले.

आता यंत्राकडे वळू. २०११ साली अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या दोन अध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक वर्ग इंटरनेटवर सर्वांस फुकट खुला केला. सुमारे १,६०,००० लोकांनी नावे नोंदविली. शेवटपर्यंत टिकले ते सुमारे २३,०००. तेवीस हजार शिकले, हे खचित लहान नव्हे. पण सातांतले सहा वाटेत गळाले आणि त्यांची चौकशी करावयास दारी कोणी गेले नाही, हेही खरे. आमच्या संघटनेतील एक कंत्राटी फिटर रात्रपाळीहून आल्यावर मोबाइलवर धडे ऐकतो. धडा फुकट आहे. त्याची झोप फुकट नाही.

२०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त संस्थांची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची ठरविली. हा निर्णय मला स्वागतार्ह वाटतो. तथापि पदवी सोपी झाल्याने नोकरी सोपी होत नाही. २०१५ साली उत्तर प्रदेशात शिपायांच्या ३६८ जागांसाठी २३ लाख अर्ज आले. अर्जदारांत २५५ जण पीएच. डी. होते. त्यांची विद्या का कमी पडली? कमी पडल्या त्या जागा. पदवीचा भाव उतरतो म्हणून कॉलेजला दोष देणारे लोक रोजगाराचा प्रश्न सोयीस्करपणे बाजूस ठेवतात.

सबब, कॉलेज की मोबाइल, हा वाद मला दुय्यम वाटतो. शिकणाऱ्याला वेळ कोण देणार आणि त्याची चूक त्याला कोण दाखविणार, हे दोन प्रश्न मुख्य होत. १९७४ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने शिक्षणासाठी पगारी रजेचा करार, क्रमांक १४०, संमत केला. भारताने तो स्वीकारलेला नाही. बोनसच्या आणि महागाईभत्त्याच्या मागण्या आम्ही दरसाल करतो. त्यांच्या शेजारी या रजेची मागणी लिहिली जावी, असा माझा आग्रह आहे. आपणांपैकी जे कारखाने व कचेऱ्या चालवितात त्यांनी आठवड्यातून चार तास तरी शिकणाऱ्या माणसाला द्यावेत, आणि जे पदवीधर आहेत त्यांनी त्याच्याजवळ बसून एखादा धडा समजावून द्यावा, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.