शार्कची स्मरणशक्ती

शार्क म्हटला की डोळ्यांपुढे त्याचे दातच उभे राहतात. कोकणात मुशी आपल्या ताटात येते, ही गोष्ट निराळी! त्या दातांमागे काही बुद्धी असेल, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

युजेनी क्लार्क या अमेरिकन विदुषीच्या मनात ते आले. १९५५ साली त्यांनी फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर केप हेझ येथे प्रयोगशाळा काढली. तेथे लेमन जातीच्या शार्कांपुढे पाण्यात एक फळी टांगलेली असे. नाकाने ती ढकलली की घंटा वाजे आणि खाद्य मिळे. थोड्याच काळात शार्क आपण होऊन फळीला ढुशी देऊ लागले. हिवाळ्यात त्यांनी अन्न टाकले, प्रयोग थांबला. आणि ऊब परतल्यावर पाहावे, तो धडा जसाच्या तसा पाठ! १९५९ साली ही हकीकत प्रसिद्ध झाली.

लोकांच्या मनात मात्र ठसला तो १९७५ सालचा ‘जॉज’ चित्रपट. खरा घात केला तो मासेमारीच्या गळांनी व जाळ्यांनी. १९७० पासूनच्या सुमारे अर्धशतकात खुल्या समुद्रातील शार्क व पाकटांची संख्या ७१ टक्क्यांनी घटली, असा हिशेब २०२१ साली मांडला गेला. ही तूट भरावी कशी? लेमन शार्कला वयात यायलाच सुमारे बारा वर्षे लागतात.