वसईच्या धर्मग्रामांचा आठवडा

गोदावरीला पूर चढूं लागला म्हणजे “नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलें काय?” असा प्रश्न नाशकांत हटकून विचारला जातो. नदीकाठच्या त्या देवालयाच्या तटावर टांगलेली ही भली मोठी घंटा आतां पुराची मोजपट्टीच होऊन बसली आहे. तिच्यावर १७२१ हें इसवी सन आहे. वसईच्या विजयांत मराठ्यांच्या हातीं लागलेल्या पोर्तुगीज घंटांपैकीं ती एक, असें मानितात. भीमाशंकराच्या देवळांतील घंटेवर १७२९ हें सन आहे. वाईनजीक मेणवलीच्या घाटावर तशीच तिसरी आहे. या घंटांचें वर्णन आपल्याकडे वेळोवेळीं झालें आहे, आणि चिमाजीअप्पांच्या पराक्रमाची खूण म्हणून तें अभिमानानें झालें यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु घंटा म्हणजे तोफ नव्हे. ती कोणाला तरी बोलावीत असते. वसईस ती ज्यांना बोलावीत असे त्या माणसांचें पुढें काय झालें, हा प्रश्न मात्र इतिहासाच्या अभ्यासकांकडून फारसा विचारला गेलेला आम्हांस दिसत नाहीं. त्याचें उत्तर थोडक्यांत असें कीं, घंटा गेल्या तरी तीं माणसें जमतच राहिलीं. हें कसें घडलें तें येथें पाहावयाचें आहे.

वसईच्या किल्ल्यांत शिरणारास प्रथम जें दिसतें तें या उत्तराच्या उलट वाटेल. गुजराथचा सुलतान बहादूरशहा याजकडून १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांस मिळाली. त्यानंतरच्या दोनशें वर्षांत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन इत्यादि पंथांच्या संन्याशांनीं त्या तटाच्या आंत एकमेकांशीं चढाओढ केल्याप्रमाणें मठ व चर्चें उभारलीं. आज त्यांतील बहुतेकांवर छप्पर नाहीं; भिंतींतून वडपिंपळ उगवले आहेत. उलट किल्ल्याबाहेर, केळीच्या वाड्यांतून व पानमळ्यांतून उभीं असलेलीं रमेदी, सांडोर, पापडी, मर्सेस, नंदाखाल, आगाशी येथील चर्चें पुनःपुन्हां डागडुजी होऊन, वाढविलीं जाऊन, आजही दर रविवारीं भरतात. रमेदी व मर्सेस हीं गांवांचीं नांवेंही चर्चच्या पोर्तुगीज नांवांवरूनच पडलीं आहेत. ज्यांना राजाश्रय भरपूर तीं ओस पडावीं आणि गांवचीं साधीं टिकावीं, याचें कारण नुसत्या लढाईंत शोधून भागणार नाहीं. आमच्या मतें तें आठवड्यांत आहे.

किल्ल्यांतील परोपकाराचें एकच उदाहरण घेऊं. पोर्तुगालची राणी लिओनोर हिच्या आश्रयाखालीं १४९८ सालीं लिस्बन येथें ‘मिझेरिकॉर्दिया’ नांवाचा दयासंघ निघाला आणि पोर्तुगीज जेथें जेथें गेले तेथें तेथें त्याची शाखा निघाली. वसईसही ती होती. भुकेल्यास अन्न, नागव्यास वस्त्र, रोग्याची शुश्रूषा, बंदिवानाची सोडवणूक, प्रेताला मूठमाती, अशीं सात देहाचीं आणि सात आत्म्याचीं मिळून चौदा दयाकृत्यें हा त्या संघाचा कार्यक्रम. उद्देश थोर, यांत शंका नाहीं. पण त्याचे बंधु म्हणजे पोर्तुगीज प्रतिष्ठित गृहस्थ. १७३९ च्या मे महिन्यांत किल्ल्यांतील शिबंदी गलबतांत बसून निघून गेली, तेव्हां हा दयासंघही तिच्याबरोबर गेला. ज्यांच्यासाठीं दया करावयाची ते मागें राहिले, करणारे गेले.

गांवच्या चर्चची घडण निराळी होती. एका धर्मगुरूच्या देखरेखीखालीं असलेला ठराविक सीमेंतील ख्रिस्ती समाज म्हणजे पॅरिश. वसईकर तिला ‘धर्मग्राम’ असा सुंदर शब्द वापरतात. ही संस्था युरोपांत फार जुनी. पण तिला घट्ट चौकट मिळाली ती दोन धर्मपरिषदांमुळें. १२१५ च्या लॅटरन परिषदेनें प्रत्येक श्रद्धावंतानें वर्षांतून एकदां तरी आपल्याच धर्मगुरूपाशीं पापनिवेदन करावें असें ठरविलें. पुढें १५४५ ते १५६३ पर्यंत चाललेल्या ट्रेंट परिषदेनें रविवारीं व सणावारीं मुलांना धर्मशिक्षण द्यावें, लग्नाची व बाप्तिस्म्याची नोंद वहींत ठेवावी, आणि विवाहापूर्वीं त्याची घोषणा लागोपाठ तीन वेळां भर मिस्सेंत करावी, असे नियम घालून दिले. वसईचीं चर्चें उभीं राहत होतीं तीं नेमक्या याच काळांत. शिळ्या परंपरेचें ओझें नसल्यामुळें नवी पद्धत येथें आरंभापासूनच लागू करतां आली असावी.

या रुक्ष नियमांनीं काय साधलें तें एका शब्दावरून कळतें. वसईच्या उत्तर भागांतील सामवेदी ख्रिस्ती लोक स्वतःस ‘कुपारी’ म्हणवितात. हा शब्द पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’ यावरून आला असें सांगतात. कोंपाद्रे म्हणजे ज्यानें आपलें मूल बाप्तिस्म्याच्या वेळीं हातावर घेतलें तो, मुलाचा धर्मपिता. रक्ताचें नातें नसतां चर्चच्या वहींत नोंदलेलें हें नातें एका संबंध समाजाचें नांव होऊन बसलें!

आतां प्रत्यक्ष आठवडा पाहूं. जुन्या वसईंत तो शनिवारच्या संध्याकाळपासून सुरू होई. रहाट थांबत, पापनिवेदनासाठीं वडीलधारीं माणसें चर्चकडे वळत. दुसरा दिवस आयतवार. उजाडण्याच्या सुमारास पहिली मिस्सा. लाल लुगडें नेसलेल्या बाया एका बाजूस, पुरुष दुसऱ्या बाजूस. मिस्सा संपल्यावर मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग आणि मोठ्यांचा चर्चच्या आवारांतील वर्ग. हा दुसरा वर्ग कोणत्याही परिषदेनें ठरविलेला नव्हता. पण आमच्या मतें धर्मग्रामाचें निम्में काम त्यांतच होत असे. कोणाची विहीर आटली, कोणाच्या घरीं दुखणें आहे, केळीला मुंबईस काय भाव आला, कोणाच्या मुलीची घोषणा आज दुसऱ्यांदा झाली, हें सर्व तेथें कळे. सोमवारची मिस्सा बहुधा मृतांसाठीं. शुक्रवारीं मांस वर्ज्य. उपवासकाळांत त्याच दिवशीं क्रूसाच्या वाटेची भक्ति. शुक्रवारचा हा निर्बंध १९६६ नंतर बराच सैल झाला. चर्च दूर असेल तेथें वाडीच्या तोंडाशीं उभारलेल्या क्रूसापाशीं सायंप्रार्थना होई, आणि तिला धर्मगुरू असलाच पाहिजे असें नसे.

ही शेवटची गोष्ट लहान दिसते खरी. परंतु १७३९ नंतर ती फार उपयोगी पडली. वसईच्या तहांत ख्रिस्ती लोकांसाठीं पांच चर्चें राखण्याचें कलम होतें. तीन शहरांत, एक वसई प्रांतांत व एक साष्टींत. युरोपीय धर्मगुरू निघून गेले, पोर्तुगीज राज्याकडून होणारी प्राप्ति थांबली, आणि गोव्याकडील देशी धर्मगुरूंच्या हातीं सर्व कारभार आला. अशा स्थितींत हा समाज विसकळीत होऊन जाता तर कोणास नवल वाटलें नसतें. तसें झालें नाहीं. १७६० च्या सुमारास साष्टींतून प्रवास करणाऱ्या आंकेतील द्यु पेरों या फ्रेंच पंडितानें ख्रिस्ती लोक उघडपणें आपले सण पाळतांना पाहिले. यांत मराठी राज्याच्या सहिष्णुतेचा वांटा आहे आणि तो मोकळ्या मनानें सांगितला पाहिजे. गोव्यास त्याच काळीं इन्क्विझिशनचें न्यायासन बसलेलें होतें हें ध्यानांत घेतलें म्हणजे ती सहिष्णुता अधिकच उठून दिसते. परंतु सहिष्णुता ही केवळ आडकाठी न करण्याची गोष्ट आहे. दर आठवड्यास उठून जमणें हें त्या माणसांनाच करावें लागलें.

पुढील शंभर-दीडशें वर्षांतील पोर्तुगीज ‘पाद्रोआदो’ आणि रोमचा ‘प्रोपागांदा’ यांमधील अधिकाराच्या भांडणाची कथा कंटाळवाणी आहे. एकाच गांवांत दोन बिशपांचे दोन पक्ष पडावे, यापलीकडे तींत शिकण्यासारखें थोडें. १८८६ सालीं वसई दमणच्या धर्मप्रांतांत गेली, १९२८ सालीं मुंबईच्या, आणि १९९८ सालीं ती स्वतंत्र धर्मप्रांत झाली, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. मध्यंतरीं १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानें, मुंबई-साष्टी-वसईच्या या मूळच्या मराठी ख्रिस्ती लोकांनीं ‘ईस्ट इंडियन’ असें विलायती नांव धारण केलें. नोकऱ्यांच्या शर्यतींत गोवेकरांपासून आपलें वेगळेपण दाखविण्याची गरज त्यामागें होती. तरी तें नांव आम्हांस कधींच रुचलें नाहीं.

या धर्मग्रामाचें चित्र आम्ही सोज्वळ रंगांनींच रंगवीत आहों असें वाचकांस वाटूं नये. जातिभेद चर्चच्या उंबरठ्यावर थांबला नाहीं. तो आंत गेला आणि बाकावर बसला. सामवेदी, वाडवळ, कोळी यांचा रोटीबेटीव्यवहार दीर्घकाळ निरनिराळा राहिला. एकाच भाकरींत सहभागी होणाऱ्यांनीं विवाह मात्र वेगळ्या पंगतींत ठरवावे, हा विरोध कोणा धर्मगुरूस दिसला नसेल असें नाहीं. पण तो मिटविण्याची घाई कोणी केल्याचें दिसत नाहीं.

आतां आमच्या विषयाच्या गाभ्याकडे येऊं. विसाव्या शतकाच्या आरंभीं वसईचा बागाईतदार सावकाराच्या हातांत होता. केळीचें व पानवेलीचें पीक नगदी. पण खत, मजुरी, रहाटाची दुरुस्ती यांना पैसा आधीं लागतो आणि मुंबईच्या बाजारांतून तो मागाहून येतो. मधल्या महिन्यांचें व्याज सावकाराचें. याच सुमारास, १९०४ सालीं, सरकारनें सहकारी पतपेढ्यांचा कायदा केला. त्याचा नमुना जर्मनींतील रायफायझेन नांवाच्या गृहस्थाच्या संस्थांचा होता. त्या गृहस्थाचा आग्रह असा कीं, पतपेढीचें क्षेत्र लहान, शक्य तर एका पॅरिशएवढेंच असावें. कारण खेड्यांत गहाण ठेवण्यास सोनें नसतें, शील असतें, आणि शीलाची पारख दररोजच्या ओळखीवांचून होत नाहीं. आमच्या कायद्यानेंही सभासद एका गांवचे किंवा एका जातीचे असावेत अशी अट घातली होती.

वसईंत ही ओळख आयती तयार होती. दर आयतवारीं जो माणूस चर्चच्या आवारांत दिसतो, ज्याच्या मुलाचा धर्मपिता कोण हें सर्वांस ठाऊक आहे, त्याला कर्ज द्यावें कीं देऊं नये हें सांगण्यास कचेरी लागत नाहीं. मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकारानें १९१८ सालीं येथें सहकारी संस्था निघाली, ती याच ओळखीच्या भांडवलावर. आज बसीन कॅथोलिक सहकारी बँक या नांवानें ती चालते. पापडीस तिचें मुख्य कार्यालय आहे आणि तिचा व्यवहार वसईच्या व ख्रिस्ती समाजाच्या बाहेर फार दूरवर पसरला आहे. किल्ल्यांतील दयासंघाची आणि या पतपेढीची तुलना केल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. पहिल्यांत देणारा वर आणि घेणारा खालीं. दुसऱ्यांत देणारे-घेणारे एकाच बाकावरचे.

याच जातीची दुसरी संस्था व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नांवाची. ती १८३३ सालीं पॅरिसमध्यें फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें मित्रांसह काढली आणि पुढें जगभर पसरली. वसईच्या धर्मग्रामांतही तिचें काम चालतें. नियमित सभा, दोघांदोघांनीं मिळून गरिबाच्या घरीं जाणें, आणि शेवटीं पिशवी फिरविणें, असा तिचा साधा क्रम. पिशवींत कोणीं किती टाकलें हें कोणासही दिसूं नये असा नियम आहे. पैसा मनीऑर्डरनें पाठवूं नये, घरीं जाऊन बसावें, हा जो आग्रह, तोच या कामाचा प्राण होय.

एक गोष्ट मात्र दीर्घकाळ अपुरी राहिली. आवारांतील सर्व व्यवहार मराठींत. आंतील मिस्सा लॅटिनमध्यें! फादर स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं छापून निघालें होतें आणि गोव्याकडे रविवारीं तें लोकांना वाचून दाखवीत. तरीही मुख्य उपासनेची भाषा पाठ करणाऱ्यालाही परकीच राहिली. ४ डिसेंबर १९६३ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें लोकभाषेला वाट मोकळी केली, आणि पुढील कांहीं वर्षांत वसईच्या वेदीवर मराठी आली. त्या पिढीनें तिचें चीजही केलें. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं ‘सुवार्ता’ मासिक चालविलें, ‘सुबोध बायबल’ लिहिलें, आणि २०२० सालीं उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद भूषविलें. २०२४ सालीं ते वारले. १९८८ नंतर वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बांधकामांचें संकट आलें तेव्हां जी हरित वसईची चळवळ उठली तिचेही ते अग्रणी होते. त्या चळवळींत सर्व धर्मांचीं माणसें होतीं; पण तिला एवढी माणसें इतक्या लवकर कशीं मिळालीं हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल त्यानें रविवारच्या आवाराचा विचार करावा.

आज वाड्या कमी झाल्या, रहाट जवळजवळ नाहींसे झाले. स्टेशनाच्या बाजूस उभ्या राहिलेल्या इमारतींत मुंबईहून आलेलीं कुटुंबें राहतात. त्यांच्यासाठीं मराठीबरोबर इंग्रजी व कोंकणी मिस्साही होतात. सकाळीं एक जमाव बाहेर पडतो तों दुसरा आंत जातो, आणि मधल्या अवधींत आवार मोकळें करावें लागतें, कारण गाड्या लावण्यास जागा नसते. आम्ही अशाच एका रविवारीं तेथें उभे असतां एक वृद्ध बागाईतदार जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे पाहत होते. कोणाची वाट पाहतां, असें विचारलें. ते म्हणाले, “कुणाची नाय. वळखीचं कोण दिसतंय का, ते बघतों.”