जमिनीत पुरलेली प्लायमाउथ

१५ जून १९५७. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातलं टल्सा शहर. राज्याला पन्नास वर्षं होत होती म्हणून तिथे मोठा उत्सव झाला आणि त्यात एक अजब बेत ठरला. कोरी करकरीत प्लायमाउथ बेल्व्हेडियर गाडी, सोनेरी आणि पांढऱ्या रंगाची, कोर्टासमोरच्या हिरवळीखाली काँक्रीटच्या खोलीत पुरायची आणि पन्नास वर्षांनी बाहेर काढायची! २००७ साली शहराची लोकसंख्या किती असेल याचा अंदाज लोकांनी लिहून द्यायचा. ज्याचा अंदाज सर्वांत जवळ, गाडी त्याची.

डिकीत काय ठेवलं माहीत आहे? दहा गॅलन पेट्रोल (म्हणजे साधारण ३८ लिटर), इंजिन ऑइल आणि बिअरची पेटी. २००७ साली पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्याच नसतील, मग ही चालणार कशी, ही काळजी! लिपस्टिक, च्युइंगगम अशा बाईच्या पर्समधल्या वस्तूसुद्धा ठेवल्या. इतिहास शिकवणाऱ्या माझ्यासारखीला हे फार आवडतं. राजांच्या सनावळ्या कोणीही सांगेल, पर्समध्ये काय होतं ते कोण सांगतं?

मंडळी, प्लायमाउथ हे नाव आपल्याला अगदीच परकं नाही बरं का. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली ती याच क्रायस्लर कंपनीशी करार करून, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत कुर्ल्याला डॉज आणि प्लायमाउथ गाड्यांची जुळणी होऊ लागली. पद्मिनीच्या आधीचा हा जमाना.

असो. १५ जून २००७ ला हजारो लोक जमले. दोन दिवस आधी झाकण उघडलं तेव्हाच कळलं होतं की आत पाणी शिरलंय. अणुबॉम्ब पडला तरी टिकेल म्हणून ज्या खोलीचं कौतुक झालं होतं, ती साध्या पाण्याला पुरून उरली नाही. गाडीभोवतीचं वेष्टन सोडवलं तर आत गंजाचा नि चिखलाचा गोळा. बॉइड कॉडिंग्टन नावाचे नामांकित मोटार-कारागीर ती सुरू करून दाखवायला खास आले होते, पण सुरू करायला होतं काय? आणि बक्षीस जिंकलेला माणूस १९७९ मध्येच वारला होता. गाडी त्याच्या नातेवाइकांकडे गेली. बाजूला एक पोलादी डबा मात्र झाळून पक्का बंद केलेला होता, त्यातले कागद सुरक्षित निघाले. पुढे न्यू जर्सीत एकाने कितीतरी महिने तिचा गंज काढला. रंग थोडा उजळला, पण आतला पत्रा आणि सांगाडा इतका खाल्ला गेला होता की ती रस्त्यावर येणं शक्यच नव्हतं. २०१७ साली ती इलिनॉय राज्यातल्या रॉस्को गावच्या संग्रहालयात गेली.

माझा भाचा तिकडे असतो. त्याला मध्यंतरी जुन्या अमेरिकन गाडीचं वेड लागलं. "आत्या, अगं, फार थोडी चाललेली आहे, नुसती उभी होती," असं तो कौतुकाने सांगत होता. त्यावरूनच मी हे सगळं वाचत बसले, आणि माझं मत असं झालं की "नुसती उभी होती" ही तारीफ नव्हे, तक्रार आहे. आपल्याकडे लग्नातला शालू ट्रंकेत तीस वर्षं घडी घालून ठेवतात आणि काढल्यावर तो नेमका घडीवर फाटतो. गाडीचं तेच. टाकीतलं पेट्रोल सुकून त्याचा डिंक होतो आणि कार्बुरेटरची बारीक भोकं बुजतात. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं आणि आतून गंज धरतो. त्या काळच्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकला एकच मार्ग, म्हणजे एका ठिकाणी गळलं की सगळेच ब्रेक गेले! टायरची नक्षी नवी दिसते पण रबर तडकलेलं असतं. वायरी उंदरांनी खाल्लेल्या.

म्हणून जाणकार अशा गाडीला आधी किल्ली लावतच नाहीत. प्लग काढतात, सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडून मुरू देतात, मग पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवतात. अडकलेलं इंजिन जोर लावून फिरवलं तर मोडतं. टाकी रिकामी करून धुवायची, सगळी तेलं बदलायची, रबरी नळ्या नव्या. आणि गाडी चालण्याआधी ती थांबते की नाही ते बघायचं. हे मला फार पटलं.

पण दुसरा एक पेच आहे. नेब्रास्कातल्या पिअर्स गावात लॅम्ब्रेक्ट नावाचे शेवरलेचे विक्रेते होते. न खपलेल्या नव्या गाड्या ते स्वस्तात काढायचे नाहीत, ठेवून द्यायचे. सप्टेंबर २०१३ मध्ये त्यांच्या सुमारे पाचशे गाड्यांचा लिलाव झाला. त्यात १९५८ सालचा कॅमिओ पिकअप होता, चाललेला अवघा १.३ मैल. तो १ लाख ४० हजार डॉलरला गेला. आता घेणाऱ्याने काय करावं? ती किंमत त्या १.३ साठीच आहे. गावाला दोन फेऱ्या मारल्या की आकडा गेला आणि त्याबरोबर पैसेही. म्हणजे जी गाडी रस्त्यावर आणणं त्यातल्या त्यात शक्य, तीच आणायची नाही! भाच्याला मी सांगितलं, थोडी वापरलेली, ओरखडे पडलेली घे बाबा. त्याला ते फारसं रुचलेलं दिसलं नाही.

आणि टल्साकरांची हौस बघा. १९९८ मध्ये त्यांनी दुसरी गाडी बंद करून ठेवली, प्लायमाउथ प्राउलर. या वेळी जमिनीखाली नाही, जमिनीवरच्या खोलीत. ती २०४८ साली उघडायची आहे. मधल्या काळात २००१ साली प्लायमाउथ हा ब्रँडच बंद झाला, तेव्हा सुटे भाग कोण देणार कोण जाणे. तुमच्यापैकी जी पोरं तेव्हा असतील त्यांनी बघून घ्या.